टेम्पो त्याचा, हप्ते माझे

नात्यातल्या कुणाला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहायची वेळ आली असेल, तर सही करण्याआधी हे वाचा.

मुलगा माझ्या बायकोच्या मावसबहिणीचा. आयटीआय करताना आमच्याच घरी राहिला. फी मी भरली, पहिली नोकरीही माझ्या ओळखीने लागली. पुढे त्याला मालवाहतुकीचा टेम्पो घ्यायचा होता आणि संस्थेला पगारदार जामीनदार हवा होता. "काका, नुसती सही करा. हप्ता चुकला तर तोंड दाखवणार नाही." हा शब्द मात्र त्याने तंतोतंत पाळला.

काही हप्ते गेले, मग बंद. फोन लागेना. नंतर माझ्या नावाने, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीची नोटीस आली. सगळ्या स्टाफसमोर. ऑफिसचा पत्ता मी अर्जात लिहिलाच नव्हता. संस्थेत विचारलं, तर वसुलीचा माणूस सहज बोलून गेला, "त्यानेच दिला की. काकांचा पगार चालू आहे, तिकडनं घ्या म्हणाला." थकबाकी किती, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला गाठा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. १०१ चा वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. ज्याचं घर आणि नोकरी जागेवर आहे, त्याच्याच दारात माणसं आधी येतात.

आणि टेम्पो? तो केव्हाच विकला गेला होता. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, संस्थेने बोजाच (गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद) चढवला नव्हता! करार कायद्याच्याच कलम १४१ प्रमाणे, जामीनदाराच्या संमतीशिवाय संस्थेने तारण घालवलं, तर त्या किमतीपुरता जामीनदार सुटतो. माझ्या वकिलांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे दंडव्याज सुटलं. मुद्दल आणि साधं व्याज मलाच भरावं लागलं. म्हणून जामीन राहिलात, तर आरसीवरची बोज्याची नोंद स्वतः पाहा, कर्जरोख्याची प्रत घ्या, कोरे चेक कुणालाही देऊ नका, आणि खात्याचा उतारा अधूनमधून मागत राहा. कर्जदाराच्या "चालू आहे काका" वर जाऊ नका.

पैसे भरावेच लागले, तर पावतीवर 'जामीनदार म्हणून भरले' असं लिहून घ्या. त्याच करार कायद्याच्या कलम १४५ खाली ती रक्कम कर्जदाराकडून मागता येते, पण भरल्यापासून ३ वर्षांच्या आत. मी दावा लावला आहे. तेव्हापासून त्याची आई नातेवाइकांत सांगत फिरते, की चार पैशांसाठी आम्ही तिच्या लेकराला कोर्टात खेचलं.