टिकेट टू राइड, कार्कासोन की अझूल? मित्रांच्या बैठकीसाठी पहिला बोर्ड गेम निवडताना

शनिवारी रात्री चार-पाच जण जमणार आहेत, त्यांतल्या निम्म्यांनी व्यापार आणि लुडोच्या पलीकडे काही खेळलेलं नाही, आणि तुम्हाला एकच खेळ विकत घ्यायचा आहे. अशा वेळी ही तीन नावं हमखास पुढे येतात. तिन्हींना जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळालेला आहे : कार्कासोनला २००१ मध्ये, टिकेट टू राइडला २००४ मध्ये आणि अझूलला २०१८ मध्ये. तिन्ही खेळ साधारण तासाभरात आटोपतात आणि तिन्हींत कोणीही मध्येच बाद होत नाही. व्यापारात दिवाळं निघालेला माणूस उरलेला वेळ मोबाइल घेऊन बसतो, तसं इथे होत नाही.

‘सोपा कोणता’ हा प्रश्न निवडीला फारसा उपयोगी नाही, कारण तिन्हींचे नियम दहा-पंधरा मिनिटांत सांगून होतात. आपली पाळी नसताना माणूस काय करत बसतो, हे विचारा. बैठक रंगते की रेंगाळते ते त्यावर ठरतं.

टिकेट टू राइड : पाचजणांसाठी आणि नवख्यांसाठी

अमेरिकेचा नकाशा, प्रत्येकाला ४५ डबे. सुरुवातीला हातात ४ रंगीत पत्ते आणि ३ तिकिटं (कोणती दोन गावं जोडायची ते सांगणारे पत्ते) मिळतात, त्यांतली किमान २ तिकिटं ठेवायची. पाळीत तीनपैकी एकच गोष्ट करायची : पत्ते उचला, मार्ग घ्या किंवा नवी तिकिटं घ्या. त्यामुळे बहुतेक पाळ्या काही सेकंदांत संपतात आणि बाकीच्यांचा वेळ आपला पुढचा मार्ग जुळवण्यात जातो. पाचजणांतही खेळ अडत नाही, तो यामुळेच. नवख्या मंडळींसाठी माझी पहिली पसंती याच खेळाला आहे.

चुका ठरलेल्या असतात. उघड्या पाच पत्त्यांतलं इंजिन (कोणत्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता) उचललं की पाळी संपते. दुसरा पत्ता म्हणूनही ते घेता येत नाही. झाकलेल्या गड्डीतून आलं तर मात्र चालतं. करड्या मार्गाला कोणताही रंग चालतो, पण सगळे पत्ते एकाच रंगाचे (किंवा इंजिनं) लागतात. समांतर जोडमार्ग असेल तर दोघे आणि तिघे खेळताना त्यातला एकच वापरायचा. हा नियम विसरला की नकाशावर इतकी मोकळी जागा राहते की चुरसच उरत नाही.

गुणांचा तक्ता सुरुवातीलाच दाखवा. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, दोनला २, तीनला ४, चारला ७, पाचला १० आणि सहाला १५. म्हणजे तेच सहा डबे एकेक करून लावले तर ६ गुण, एकदम लावले तर १५. अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात, त्यामुळे सिअॅटल–न्यूयॉर्क हे २२ गुणांचं तिकीट जमणं आणि हुकणं यात ४४ गुणांचा फरक पडतो. नवखे खेळाडू पत्ते साठवत बसतात आणि नेमका लागणारा छोटा दुवा दुसरा घेऊन जातो. ज्या गावांमध्ये पर्यायी वाट नाही तो दुवा आधी घ्यायचा, हे पहिल्याच डावात सांगून टाका.

अडवाअडवीवरून तुमच्या गटात रुसवेफुगवे होत असतील तर युरोपची आवृत्ती घ्या. तिच्यात प्रत्येकाला ३ स्टेशनं असतात, त्यांच्या जोरावर दुसऱ्याचा एक मार्ग आपल्या तिकिटासाठी वापरता येतो. न वापरलेल्या स्टेशनाला शेवटी ४ गुण मिळतात. मात्र बोगदे आणि फेरीबोटीचे मार्ग यांचे जादा नियम सांगावे लागतात. भारताचा नकाशाही मिळतो, पण तो पुरवणी आहे : डबे आणि रंगीत पत्ते मूळ संचातलेच लागतात. फक्त तोच मागवला तर खेळता येणार नाही.

कार्कासोन : दोघे-तिघे असाल तर

दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं नाव या खेळाला आहे. एकूण ७२ टाइल, त्यातली एक सुरुवातीची. पाळीला एक टाइल उचलायची, रस्त्याला रस्ता आणि तटाला तट जुळेल अशी लावायची आणि हवं तर त्याच टाइलवर आपला एक मीपल (माणसाच्या आकाराचं प्यादं) ठेवायचा.

अडचण इथेच आहे. टाइल पाळी आल्यावर उचलायची असल्यामुळे विचारही तेव्हाच सुरू होतो. दोघांत प्रत्येकाला पस्तीसेक पाळ्या मिळतात, पाचजणांत जेमतेम चौदा, आणि प्रत्येक पाळीआधी चौघांचा विचार संपण्याची वाट बघायची. यावर चांगला तोडगा आहे : आपली पाळी संपली की लगेच पुढची टाइल उचलून ठेवायची. पेटीतल्या नियमांत हे नाही, पण चार-पाचजणांत खेळ बराच सुटसुटीत होतो.

दुसरी कटकट शेतकऱ्यांची. शेतात आडवा ठेवलेला मीपल शेवटपर्यंत परत मिळत नाही, आणि त्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे ३ गुण अगदी शेवटी मिळतात. नवख्यांना हे दिसतच नाही. मग जाणकार एका मोठ्या शेतावर डाव मारून नेतो आणि बाकीच्यांना फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या डावात शेतकरी पूर्ण वगळा. रस्त्याच्या दर टाइलला १, पूर्ण शहराच्या टाइलला २, आठही बाजूंनी टाइलनी वेढलेल्या मठाला ९ एवढं पुरेसं आहे.

आधीच मीपल असलेल्या शहरात दुसऱ्याला थेट शिरता येत नाही. शेजारी वेगळा तुकडा सुरू करून तो नंतर जोडता येतो, आणि दोघांचे मीपल समान झाले तर दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. खेळाची खरी खुमारी यात आहे, आणि ती दोघा-तिघांत सगळ्यात जास्त लागते.

अझूल : बरोबर चौघे, वेळ कमी

पोर्तुगीज अझुलेजू फरश्यांवर बेतलेला खेळ. पणजीत घरांवरच्या नावपाट्या पाहिल्या असतील तर हे रूप ओळखीचं वाटेल. ५ रंगांच्या प्रत्येकी २० टाइल पिशवीत असतात. चौघांना ९ चकत्या, प्रत्येकीवर ४ टाइल. एका चकतीवरच्या (किंवा मध्ये साठलेल्या) एका रंगाच्या सगळ्या टाइल घेऊन आपल्या बोर्डावरच्या एका ओळीत लावायच्या, चकतीवर उरलेल्या मध्ये सरकवायच्या. दुसऱ्याच्या प्रत्येक उचलीने तुमचे पर्याय बदलतात, म्हणून नजर हलत नाही. त्यामुळे गप्पा कमी होतात : बैठकीत मुख्यतः गप्पाच मारायच्या असतील तर हा घेऊ नका.

फटका बसतो तो फेरीच्या शेवटी. एका रंगाच्या आठ टाइल मध्ये साठतात, त्या तुम्हालाच घ्याव्या लागतात, तुमच्याकडे जागा तीनचीच, उरलेल्या पाच खालच्या दंडाच्या ओळीत गेल्या की १+१+२+२+२, म्हणजे ८ गुण गेले. शिवाय पूर्ण झालेल्या ओळीतली एकच टाइल भिंतीवर (बोर्डावरच्या चौकोनी नक्षीवर) जाते आणि उरलेल्या पेटीच्या झाकणात. त्या पिशवीत परत टाकण्याची चूक सर्रास होते. अपुरी ओळ पुढच्या फेरीसाठी तशीच राहते. गुण दाखवणारा ठोकळा सपाट पुठ्ठ्यावर सहज सरकतो, म्हणून प्रत्येक फेरीचे गुण कागदावरही लिहा.

निवडण्याआधी घरात बघायच्या गोष्टी

टिकेट टू राइडचा बोर्ड मोठा आहे. सेंटर टेबलावर तो मांडला की पत्त्यांना जागा उरत नाही, सतरंजीवर गोल बसणं बरं. पंख्याचा वेग मात्र कमी ठेवा. कार्कासोनची मांडणी कुठल्या दिशेला वाढेल हे आधी सांगता येत नाही, तेव्हा सुरुवातीची टाइल टेबलाच्या मधोमध ठेवा. अझूलला प्रत्येकासमोर एका ताटाएवढी जागा आणि मध्ये चकत्या, एवढं पुरतं.

भजी-चिवडा सोबत असेल तर अझूलच्या टाइल पुसता येतात. पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला. आजी किंवा इंग्रजी न वाचणारी मुलं खेळणार असतील तर कार्कासोन आणि अझूलमध्ये खेळताना काहीच वाचावं लागत नाही. टिकेट टू राइडच्या तिकिटांवर गावांची नावं इंग्रजीत असतात, पण छोट्या नकाशावर जागाही दाखवलेली असते, त्यामुळे शेजारच्याच्या पहिल्या मदतीनंतर निभावतं.

सहा जण येणार असतील तर यातला एकही मूळ संच पुरणार नाही : टिकेट टू राइड आणि कार्कासोन पाचजणांपर्यंत, अझूल चौघांपर्यंत. अशा वेळी दोन-दोनच्या तीन जोड्या करून टिकेट टू राइड खेळा. जोडीतल्या एका जाणकाराशेजारी एक नवखा बसवला तर नियम वेगळे समजावून सांगण्याचीही गरज पडत नाही.