केइबुल लामजाओ नॅशनल पार्क, मणिपूर : संगाई बघायला जाणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी आम्हाला एकही संगाई हरीण दिसलं नाही, आणि त्यात पार्कचा काहीच दोष नव्हता. इंफाळहून गाडी ठरवलेली, पहाटे चारला या म्हणून रात्री दोनदा फोन करून सांगितलेलं, ड्रायव्हर उगवला सव्वासहाला. मणिपूर देशाच्या इतक्या पूर्वेला आहे की डिसेंबरात सहाच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारला सूर्य बुडालेलाही असतो, आपल्या घड्याळाची सवय तिथे चालत नाही. इंफाळ ते पार्क साधारण ५० किलोमीटर, आम्ही पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं, ऊन चढलं होतं आणि हरणं उंच गवतात शिरून बसली होती. भाऊ आणि मी टॉवरवर अकरापर्यंत बसलो. गवत, गवत आणि गवत. मला रडूच यायचं बाकी होतं कारण या एका प्राण्यासाठी मी चार वर्षं पैसे साठवले होते.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, इंफाळला राहून जाऊ नका. मोइरांगला किंवा पार्कच्या जवळपास मुक्काम करा आणि उजाडायच्या आधी गेटवर उभे राहा. डिसेंबर २०२२ ची गोष्ट आहे, गेटच्या वेळा आणि तिकीट तेव्हाचं इथे लिहीत नाही, बदलत असतं, जायच्या आधी विचारून घ्या. मणिपूरला बाहेरच्यांना इनर लाइन परमिट लागतं, २०२० पासून, ते ऑनलाइन काढता येतं, त्याची प्रिंट जवळ ठेवा.

आता जागा काय आहे ते. ४० चौरस किलोमीटर फक्त, म्हणजे व्याघ्रप्रकल्प बघितलेल्यांना हे एखाद्या कोपऱ्याएवढं वाटेल. बिष्णुपूर जिल्ह्यात, लोकताक सरोवराच्या आग्नेय टोकाला. १९६६ ला अभयारण्य झालं आणि १९७७ ला राष्ट्रीय उद्यान. पण या जंगलाची जमीन जमीन नाहीये, हे तिथे उभं राहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. कुजलेलं गवत, मुळं, माती यांचा जाड थर वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतून पाण्यावर तरंगतो, त्याला तिथे फुमदी म्हणतात. पाचातला एक भाग पाण्यावर आणि चार भाग खाली. त्यावर माणसाच्या उंचीपेक्षा मोठं गवत, बोरू, जंगली भात, आणि त्यात हरणं, रानडुकरं, पाणमांजरं. लोकताकभर फुमदीचे तुकडे आहेत, सगळ्यात मोठा सलग पट्टा या पार्कात. आमच्या नावाड्याने, त्यांना सगळे तामो म्हणत होते म्हणजे मोठा भाऊ, बांबू फुमदीच्या काठावर टेकवून नुसतं वजन दिलं तर पाचसहा हात लांबचं गवत हललं. वारा नव्हता. एवढं मोठं रान असं श्वास घेतल्यासारखं वरखाली होताना बघितलं आणि मी बराच वेळ काही बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी मोइरांगहून निघालो, अंधारातच. डिसेंबरात थंडी चांगलीच असते, सरोवर पाऊण हजार मीटरच्या वर उंचीवर आहे आणि पाण्यावरचा गारवा हाडात जातो, कानटोपी आणि हातमोजे न्याच. पार्कात तीन टेकड्या आहेत, पाबोत, तोया आणि चिंगजाओ, पावसाळ्यात पाणी वाढलं की प्राणी तिथे चढतात. टॉवरवर गेलो तेव्हा खाली नुसता पांढरा समुद्र. आवाज मात्र सगळे येत होते, जांभळ्या पाणकोंबड्यांचं कोकलणं, अडईची शीळ, कुठेतरी वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचं टुकटुक. चाळीसेक मिनिटं गेली असतील. धुकं एका बाजूने उसवायला लागलं आणि भावाने माझा दंड दाबला.

तीन माद्या, आणि त्यांच्या मागे जरा लांब एक नर. दुर्बिणीत अंगठ्याएवढे दिसत होते, पण त्याची शिंगं स्पष्ट. संगाईची शिंगं बाकीच्या हरणांसारखी नाहीत, कपाळावरून पुढे येणारा फाटा आणि मागे जाणारं मुख्य शिंग मिळून एकच सलग कमान होते, जणू कपाळावर धनुष्य ठेवलंय. तो चालायला लागला तेव्हा डान्सिंग डिअर का म्हणतात ते कळलं. तरंगत्या जमिनीवर तो नुसत्या खुरांवर नाही तर खुरांच्या मागच्या भागावरही भार देऊन चालतो, त्यामुळे प्रत्येक पाऊल जपून, लवून पडतं. मधेच थांबला आणि मान वळवून मागे बघितलं. नावाचा अर्थच तसा सांगतात तिथे, सा म्हणजे प्राणी आणि ङाई म्हणजे वाट बघणं, वाट बघणारा. सगळं मिळून सहा सात मिनिटं असतील, मग ते गवतात शिरले आणि परत दिसले नाहीत. माझ्या हिशेबाने चार वर्षांचे पैसे फिटले.

हे हरीण रानात जगात फक्त इथे आहे. संगाई ज्या जातीतलं आहे त्या थामिन हरणाच्या तीन उपजाती आहेत, ब्रह्मदेशातली आणि त्याच्या पूर्वेकडची वेगळी, आपली मणिपूरची ही वेगळी. १९५१ मधे तर संगाई संपलं असं जाहीर झालं होतं. दोन वर्षांनी १९५३ ला निसर्ग अभ्यासक ई. पी. जी यांना ते पुन्हा सापडलं. १९७५ ला हवाई पाहणी केली तेव्हा मोजून १४ भरली. चौदा! एखाद्या लग्नाच्या पंगतीत एका ओळीत बसतील एवढी. आणि २०१६ च्या गणतीत २६०. वनखात्याचं काम आहेच, पण आजूबाजूच्या गावांनी साथ दिली नसती तर एवढ्या लहान जागेत ही वाढ झालीच नसती असं माझं मत आहे, कारण पार्काला भिंत नाही, लोकांची घरं आणि मासेमारी अगदी कडेला आहे. संगाई मणिपूरचा राज्यप्राणी आहे आणि दुकानाच्या पाट्यांपासून वर्तमानपत्राच्या नावापर्यंत सगळीकडे दिसतो, लोकांना त्याचं प्रेम आहे ते बोलताना कळतं.

पण २६० आकडा वाचून निश्चिंत होऊ नका, मी झाले होते आणि तामोंनी होडीतच माझा समज काढून टाकला. मोडक्यातोडक्या हिंदीत आणि हाताने दाखवून त्यांनी जे सांगितलं ते मी परत आल्यावर वाचून पडताळलं, तंतोतंत खरं आहे. पूर्वी हिवाळ्यात सरोवराचं पाणी उतरायचं. पाणी उतरलं की फुमदी खाली तळाला टेकायची, मुळं तळाच्या गाळात शिरून खतपाणी घ्यायची, गवत जोमात यायचं, थर जाड व्हायचा, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की परत वर तरंगायची. १९८३ ला इथाई बंधारा झाला, १०५ मेगावॅटच्या वीजप्रकल्पासाठी, आणि तेव्हापासून पाणी वर्षभर वरच राहतं. फुमदी तळाला टेकतच नाही. मुळं उपाशी राहतात, थर पातळ होत जातो. हरणाचं वजन पेलायला साधारण मीटरभर जाडी लागते, त्याच्या खाली गेलं की पाय आरपार जातो. म्हणजे जनावरं वाढताहेत आणि त्यांच्या पायाखालची जमीन कमी होतेय, एकाच वेळी. लोकताक १९९० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे आणि १९९३ मधे त्याला धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत, माँट्रो रेकॉर्डमधे टाकलं, त्याचं एक मोठं कारण हेच.

वीज नको असं मी म्हणणार नाही, माझ्या घरात पण दिवे लागतात. पण वर्षातले काही आठवडे, ऐन कोरड्या दिवसांत, पाणी जुन्यासारखं उतरू दिलं तर फुमदीला टेकायला मिळेल, एवढी मागणी मला अगदी रास्त वाटते. पाणी वर राहिल्याने काठच्या शेतकऱ्यांची शेतं पण कायमची बुडाली, म्हणजे हा नुसता हरणाचा प्रश्न पण नाहीये.

पक्ष्यांसाठी जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पार्कातल्या चॅनलमधून लहान लाकडी होडी नेतात, ती घ्याच, टॉवरवरून जे दिसत नाही ते होडीत हाताच्या अंतरावर येतं. मला दीड तासात तलवार बदक, थापट्या, गडवाल, चक्रांग, अडईचे मोठे थवे, कमळपक्षी, टिबुकल्या, दोन जातीचे खंड्या आणि गवतावरून अगदी खालून घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी एवढं मिळालं. भोवत्या आला की बदकांचा अख्खा थवा एकदम उठायचा तो आवाज, चादर झटकल्यासारखा, अजून कानात आहे. फुलपाखरांकडे आणि चतुरांकडे माझं लक्षच गेलं नाही, ती चूक तुम्ही करू नका.

दुर्बीण ८ बाय ४२ पुरते, पण संगाईसाठी स्पॉटिंग स्कोप असेल तर उचलून न्या, खरंच. लांबचं अंतर आहे आणि मोबाईलच्या झूममधे तपकिरी ठिपक्याशिवाय काही येत नाही. टॉवरवर एक चांगला स्कोप कायमचा बसवला तर किती शाळकरी पोरांना आपलं हरीण नीट बघायला मिळेल, मी तिथल्या माणसाकडे हे बोलले पण. माहिती फलकसुद्धा फार कमी होते, फुमदी म्हणजे काय, पाणी का उतरायला हवं हे एका साध्या चित्रात गेटवर लावलं तर आलेला प्रत्येक माणूस ते घरी घेऊन जाईल. आत्ता लोक येतात, गवत बघतात, काहीच नाही म्हणतात आणि जातात. आम्ही असताना एक ग्रुप स्पीकर लावून टॉवर चढला, गार्डने शांतपणे जाऊन तो बंद करायला लावला, त्याबद्दल त्या गार्डला माझ्याकडून पूर्ण मार्क. कर्मचारी सगळे असेच, कमी बोलणारे पण विचारलं की मनापासून सांगणारे. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या फलकांसाठी आणि स्कोपसाठी कापला.

सेंद्रा टेकडीवर संध्याकाळी जा, तिथून लोकताकचे फोटोत दिसणारे गोल दिसतात, फुमदी कापून केलेले मासेमारीचे आथाफुम. मोइरांगचं आझाद हिंद सेनेचं म्युझियम बघा, १४ एप्रिल १९४४ ला तिथे तिरंगा फडकला होता. जेवायला साध्या हॉटेलात भात, मासे, इरोंबा म्हणजे उकडून कुस्करलेल्या भाज्या, आणि चाकहाओ म्हणजे काळ्या तांदळाची खीर, ती मी दोन वाट्या खाल्ली. ङारी म्हणजे आंबवलेल्या माशाचा वास पहिल्यांदा उग्र वाटतो, पण इरोंबात मुरला की चव लागते. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण तो मासा भाजीतही असतो.

मे २०२३ पासून मणिपुरात जो हिंसाचार झाला तो सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी हे लिहितेय म्हणून लगेच तिकीट काढू नका. तिथल्या कोणाशी तरी बोलून, रस्ते कुठले सुरू आहेत ते कळल्यावरच ठरवा. मी गेल्या हिवाळ्यात तामोंना फोन केला होता. पर्यटक फार नाहीत म्हणाले, होडी बराच वेळ नुसती बांधलेली असते, बदकं आलीत, संगाई पण आहेत, सकाळी दिसतात. मग मी विचारलं पाणी कसं आहे. थोडं थांबून म्हणाले, यंदा पण उतरलं नाही.