फुले मार्केटमधलं टोप्यांचं दुकान: माल चोख, वेळेला कच्चं

गावच्या टेनिस बॉल टीमची खरेदी माझ्याकडे असते. टोप्या आणि टी-शर्ट आम्ही जळगावला फुले मार्केटमधल्या एका जुन्या दुकानातून घेतो. पाटीवरचं नाव उन्हाने पार उडालंय, त्यामुळे कुणालाही विचारायचं तर ‘भरतकामवाले काका’ असंच. ‘काय जोयजे भाऊ?’ एवढंच विचारतात आणि तीन जातीच्या टोप्या समोर टाकतात. गळ्यात मारायची घाई नाही.

मधल्या भावाची घ्या. जाड सुती कापड, पुढच्या दोन पाकळ्यांना बक्रम (आतलं कडक कापड), आणि आतली घामाची पट्टी वेगळी शिवलेली, कापड नुसतं दुमडून वेळ मारून नेलेली नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारची मॅच संपली की टोपीवर मिठाचे पांढरे डाग उठतात. बादलीत भिजवून ब्रशने घासली तरी ही रंग सोडत नाही. मागची प्लास्टिकची बटणपट्टी मात्र फालतू, ओढली की दात तुटतो. कापडी पट्टी मागा, दहा रुपये जास्त लागतात. गठ्ठ्याने घेतली तर भरतकामासकट १८० ला पडते.

काका आयपीएलच्या संघांचे लोगो भरून देत नाहीत. भाचा चेन्नईच्या सिंहासाठी हटून बसला होता. ‘दुसऱ्याचा छाप नको रे, आपल्या गावाचं नाव टाक,’ म्हणून त्याला वाटेला लावलं. मी वकील माणूस, मला पटलं. चेन्नईचा लोगो चेन्नईचा, त्यात वाद नाही.

पण सगळेच लोगोवाले एकत्र बसले तर? आमच्या कोर्टात बांधाचे वाद आणि चेक बाउन्स, असलं काही येत नाही. अमेरिकेत मात्र, धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी संगनमत करू नये या कायद्याखाली, नेमका टोप्यांवरूनच खटला झाला. अमेरिकन नीडल नावाची कंपनी वीस वर्षांहून जास्त काळ तिथल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या संघांच्या टोप्या बनवायची. डिसेंबर २००० मध्ये संघांनी मिळून ठरवलं की परवाना आता एकालाच द्यायचा, आणि रीबॉकला दहा वर्षांसाठी तो दिला. नीडल बाहेर. लीगचं म्हणणं, आम्ही सगळे मिळून एकच धंदा आहोत, मग संगनमत कोणाशी करणार? खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मानलं. मे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने उलटवलं. न्या. स्टीव्हन्स यांनी दाखला दिला तो नट-बोल्टचा: दोन्ही एकमेकांशिवाय चालत नाहीत, म्हणून ते बनवणाऱ्यांमधला करार कायद्याच्या बाहेर जात नाही. सामना दोघांशिवाय होत नाही हे खरं, पण टोपी विकताना प्रत्येक संघ दुसऱ्याचा प्रतिस्पर्धीच. हा करार बेकायदा आहे असं कोर्टाने म्हटलं नाही, तपासा म्हणून खाली पाठवला. पुढे तडजोड झाली.

बाकी बस स्टँडवर निम्म्या पोरांच्या डोक्यावर ‘एनवाय’ची टोपी असते ना, ती न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाची. त्या खेळाला १९२२ पासून हा कायदाच लागत नाही, कारण बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे असं तेव्हा सुप्रीम कोर्टाने ठरवलं. १९९८ मध्ये खेळाडूंच्या नोकरीपुरती सूट काढली, उरलेली अजून आहे. मला तरी हे अजब वाटतं.

आपल्याकडे टोप्यांचं बरं आहे, आयपीएलचे संघ कपडे आपापल्या पसंतीच्या कंपनीकडून घेतात. गाठ पडते ती दुसरी लीग काढताना. २००७ ला आयसीएल (इंडियन क्रिकेट लीग) ही खासगी लीग निघाली तेव्हा तिकडे गेलेल्या खेळाडूंना बीसीसीआयने दारं बंद केली, कपिल देवलाही राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. आणि प्रक्षेपण हक्कांच्या करारात कलम घातलं की आयपीएलला टक्कर देणारी दुसरी लीग दहा वर्षं मान्य करणार नाही. त्याबद्दल धंद्यातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये ५२.२४ कोटींचा दंड ठोकला. अपिलात तो आदेश रद्द झाला, २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा लावला. बीसीसीआयच्या पैशापुढे ही रक्कम म्हणजे चणे-फुटाणे, पण आयोगाने ते कलम बोट ठेवून दाखवलं, हे मला मोठं वाटतं.

काकांकडे भाव आटोक्यात का राहतो, तर मार्केटमध्ये भरतकामाची मशिनं आणखी दोघा-तिघांकडे आहेत. मी त्यांच्यासमोरच दुसऱ्याला फोन लावला, तर काकांनी टी-शर्टमागे वीस रुपये सोडले आणि वर चहा पाजला.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. मंगळवार सांगतात, शुक्रवारी माल मिळतो. नावाच्या स्पेलिंगचा नमुना व्हॉट्सअॅपवर मागवून घ्या, एकदा भरलं की ते उसवून देत नाहीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास गावोगावच्या टीमांची गर्दी असते, ऑर्डर तीन आठवडे आधी टाका आणि अर्धेच पैसे आगाऊ द्या.