आईच्या जुन्या प्लेयरला पटेल अशी डीव्हीडी: आठ महिन्यांचा अनुभव

घरच्या मिनी-डीव्ही टेपा (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) कॉम्प्युटरवर उतरवून त्यांच्या डीव्हीडी करायला घेतल्या, त्याला आठ महिने झाले. मेनू डीव्हीडीस्टायलरमध्ये, बर्न इमगबर्नने, आणि यूएसबीवर चालणारा बाहेरचा रायटर. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि कामाची. वाया गेलेल्या डिस्कपैकी चार सध्या बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगल्यात.

पहिली डिस्क माझ्या लॅपटॉपवर झकास चालली. साताऱ्याला आईच्या प्लेयरने ती दोनदा खरखरवली आणि 'नो डिस्क' दाखवून बाहेर काढली. डिस्क होती डीव्हीडी+आर. आपण कुठल्या जातीच्या आहोत याची नोंद डिस्कवरच असते, आणि 'प्लस' दिसलं की काही जुने प्लेयर नाक मुरडतात. इमगबर्नमधून ही नोंद, म्हणजे बुक टाइप, 'डीव्हीडी-रॉम' (कारखान्यात छापलेली डिस्क) अशी करता येते. पण रायटरला ते जमायला हवं. माझ्याला जमत नाही. शेवटी साध्या डीव्हीडी-आर आणल्या, आठवणीने फायनलाइज केल्या (म्हणजे बर्न झाल्यावर डिस्क बंद केली, की इतर प्लेयर ती वाचू शकतात), तेव्हा कुठे प्लेयरचा रुसवा गेला.

मग बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा. डीव्हीडीत व्हिडिओला ९.८ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला ९.८ मेगाबिट) मुभा आहे, म्हणून मी हावरटासारखा ९ ठेवला. ऐन वरातीत चित्र अडकायला लागलं. छापील डिस्कपेक्षा घरी बर्न केलेल्या डिस्कवरून लेझरचा उजेड कमी परततो; वाचताना अडखळलं की एवढा डेटा वेळेवर पोचत नाही. आता ६ ठेवतो. एका डिस्कवर १०० मिनिटं बसतात, आणि आईच्या टीव्हीवर फरक काडीचा दिसत नाही. बर्न १६एक्सऐवजी ८एक्सने, म्हणजे निम्म्या वेगाने करतो, व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) कधीच टाळत नाही. (वरातीतले नाचणारे वेगळ्याच कारणाने थरथरत होते: प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, म्हणजे फील्डमध्ये, असते; मिनी-डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, मी वरचं आधी दिलं होतं.)

खरा घाम काढला न्यू जर्सीच्या मावशीने. तिला आमचीच पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डिस्क पाठवली, सेकंदाला २५ फ्रेमची. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर पाल-एनटीएससी दोन्ही खपवून घेतात, तिचा अमेरिकन प्लेयर काही केल्या घेईना. एनटीएससीत, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीत, रूपांतर करून दुसरी पाठवली. मावशीचा फोन: "अरे, दिसतायत सगळे, पण मुके!" ऑडिओ एमपी२ या प्रकारचा राहिला होता. पाल प्लेयरला तो वाजवता यावाच लागतो, एनटीएससीवाल्यांवर तशी सक्ती नाही. तिसरी एसी-३ (डॉल्बी डिजिटल) ऑडिओची केली, तेव्हा सनई ऐकू आली.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवायचं सोडलं, तोल जाऊन डिस्क घरघरते. मार्करने नाव लिहितो. पहिली प्रत आता साताऱ्याला जाते. आई "लागली रे" म्हणाली की मगच बाकीच्या. मावशीच्या डिस्कला मात्र चाचणी नाही, ती पोचली की फोनची वाट बघायची.