पॅक्सजीन ब्लड आरएनए ट्यूब: डेंगीच्या नमुन्यांसाठी घ्यावी का?

हडपसरच्या दवाखान्यात काढलेलं रक्त पाषाणच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत साध्या ईडीटीए ट्यूबमधल्या (रक्त गोठू न देणाऱ्या नेहमीच्या ट्यूबमधल्या) पेशी स्वस्थ बसत नाहीत. काही आरएनए, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे हे सांगणारा रेणू, तुटतो; शिवाय काही सायटोकाइन (दाहाचे संदेश देणाऱ्या प्रथिनांची) जनुकं ट्यूबमध्येच चेतवली जातात. मग विषाणूमुळे किती वाढलं आणि विद्यापीठ चौकातल्या कोंडीमुळे किती, हे कसं सांगणार? पॅक्सजीन ही आरएनए जपणारं द्रावण आधीच भरलेली ट्यूब, ती हा घोळ रक्त पडताक्षणी थांबवते. या एका कामात तिला तोड नाही.

आत ६.९ मिली द्रावण असतं, त्यात २.५ मिली रक्त. हे प्रमाण बिघडलं की पुढचं सगळं बिघडतं. बटरफ्लाय सुईच्या नळीतली हवा आत ओढली गेली तर रक्त कमी भरतं, म्हणून आधी दुसरी ट्यूब भरा, ही शेवटी. ती हाताच्या पातळीखाली उभी धरा, म्हणजे द्रावण शिरेकडे जाणार नाही. मग ८ ते १० वेळा हळू उलटसुलट करा आणि किमान २ तास बाहेरच ठेवा. घाईने फ्रीझरमध्ये टाकली तर पेशी पूर्ण फुटत नाहीत, आरएनए कमी मिळतो. १८ ते २५ अंशांना ती ३ दिवस टिकते, फ्रिजमध्ये ५ दिवस. पुण्यातल्या एप्रिल-मेमधलं बिनएसीचं टेबल त्या १८ ते २५ मध्ये बसत नाही, हे कलेक्शनवाल्यांना बजावून सांगा. गोठवताना तारेच्या रॅकमध्ये, आधी उणे २० आणि दुसऱ्या दिवशी उणे ७०. थर्माकोलच्या रॅकमध्ये ट्यूब तडकू शकते.

आरएनए वेगळा करायच्या किटमधला डीएनेजचा (डीएनए नष्ट करणाऱ्या विकराचा) टप्पा वगळू नका. आयएफएनबी१ या इंटरफेरॉनच्या जनुकात इंट्रॉनच (आरएनए तयार होताना गाळला जाणारा तुकडा) नाही, म्हणून त्याचा डीएनए आणि आरएनए पीसीआरला सारखेच दिसतात. प्रायमर कितीही हुशारीने बसवले तरी जिनोमिक डीएनए मोजला जातोच. प्रत्येक नमुन्याला नो-आरटी कंट्रोल (आरएनएचं डीएनए करणारं विकर न घातलेली चाचणी) लावा.

निकालात सीएक्ससीएल१० हे सायटोकाइन जनुक सहसा ठळक दिसतं. आयएल-६ हे दुसरं मात्र संपूर्ण रक्तात फार क्षीण, त्यात लाल पेशींतल्या ग्लोबिनच्या आरएनएची गर्दी. उशिराच्या सीटीवरून (पीसीआरच्या ज्या फेरीत संकेत दिसतो तो आकडा; उशिरा म्हणजे आरएनए कमी) दुप्पट-तिप्पट वाढीचे दावे करू नयेत. डेंगीत पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे दिसणारा बदल जनुकाचा की पेशींच्या मिश्रणाचा, हे त्याच वेळच्या सीबीसीशिवाय (रक्तपेशींच्या मोजणीशिवाय) कळत नाही. तुलनेसाठी जीएपीडीएच या एकट्या संदर्भ जनुकावर भिस्त नको, अशी दोन-तीन जनुकं तपासून घ्या.

या ट्यूबमधून प्लाझ्मा मिळत नाही. प्रथिनं मोजायची तर वेगळी ईडीटीए ट्यूब हवीच, कारण आयएल-१बीटा या सायटोकाइनचा एमआरएनए वाढला तरी कॅस्पेज-१ या विकराने कापल्याशिवाय सक्रिय प्रथिन बनत नाही.

रुग्णालयाशेजारीच प्रयोगशाळा असेल तर हा खर्च टाळता येतो. ताज्या ईडीटीए रक्तातून लगेच पेशी वेगळ्या करून ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए जपणाऱ्या द्रावणात) टाकल्या तरी काम भागतं. लांबून नमुने येणार असतील तर जरूर घ्या, फक्त मुदत संपत आलेला साठा सवलतीत मिळतोय म्हणून उचलू नका: ट्यूबमधला निर्वात ओसरलेला असू शकतो, मग रक्त २.५ मिलीपर्यंत चढत नाही.