आईसाठी घेतलेली कोलॅजेन पावडर : तीन महिन्यांचा अनुभव
राजारामपुरीतील एका औषध दुकानातून घेतलेली ही कोलॅजेनची, म्हणजे त्वचा व सांध्यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, पावडर आईने तीन महिने रोज १० ग्रॅम, कोमट पाण्यातून घेतली. ती गुठळी न होता विरघळते, पण माशाचा उग्र वास लिंबू पिळल्याशिवाय जात नाही; ती माशाच्या कातडीची आहे हे मात्र डब्यामागे बारीक अक्षरांत छापले आहे, ही शाकाहारी घरांची फसगतच म्हणावी लागेल. रजोनिवृत्तीनंतर त्वचेतील कोलॅजेन झपाट्याने घटते हे खरे असले, तरी पोटात गेलेले कोलॅजेन पचून त्याची अमिनो आम्ले (प्रथिनांचे सुटे घटक) व लहान पेप्टाइड (त्या घटकांचे छोटे तुकडे) होतात, ते थेट गालावर जाऊन बसत नाही, हे दुकानदाराने सांगायला हवे होते. हातांची त्वचा किंचित मऊ झाली. गुडघेदुखी तशीच आहे. कोलॅजेन घडण्यास लागणारे क जीवनसत्त्व यात नाही, म्हणून आवळा सुरू केला आहे.