स्पेस सेंटर ह्यूस्टन : एका निवृत्त लेखाधिकाऱ्याच्या नजरेतून

पाटबंधारे विभागाच्या लेखाशाखेत ३२ वर्षे काढलेल्या माणसाला अंतराळाचे संग्रहालय दाखवायला नेणे, हे माझ्या मुलीचे धाडसच म्हणायला हवे. समोर काहीही आले तरी मूळ किंमत किती, तरतूद कोणत्या वर्षाची आणि सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे आमच्या भाषेतली ‘सुप्रमा’, किती वेळा घेतली, हेच प्रश्न माझ्या मनात आधी उभे राहतात. टेक्सासमधले स्पेस सेंटर ह्यूस्टन मी या सवयीने पाहिले आणि ती सवय तिथे फारच उपयोगी पडली, कारण त्या आवारातली जवळजवळ प्रत्येक मोठी वस्तू कोणत्या तरी अर्थसंकल्पीय निर्णयामुळे तिथे येऊन थांबलेली आहे. नासाच्या एकूण तरतुदीवरून वॉशिंग्टनमध्ये सध्या जी ओढाताण चालू आहे, ती समजून घ्यायला याहून सोयीची जागा मला तरी सुचत नाही.

हे केंद्र १९९२मध्ये सुरू झाले. ते नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्राला लागून असले तरी नासाचे खाते नाही. एक ना-नफा संस्था ते चालवते. मुख्य इमारतीतली दालने उत्तम आहेत, मुलांना हात लावून पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. पण माझा सल्ला असा, की आधी जॉन्सन केंद्रात फिरवून आणणाऱ्या ट्रॅमची वेळ ठरवून घ्यावी आणि दालने नंतर पाहावीत, कारण खरा ऐवज ट्रॅमच्या वाटेवर आहे.

त्यातला पहिला मान माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ या रॉकेटचा. १११ मीटर लांबीचे हे धूड एका लांबलचक इमारतीत आडवे ठेवले आहे आणि त्याच्या पाच इंजिनांच्या तोंडांपाशी उभे राहिले की माणसाला आपण उंबऱ्यावरच्या मुंगीएवढे आहोत असे वाटते. अशी आडवी सॅटर्न-५ रॉकेटे अमेरिकेत तीन ठिकाणी आहेत. पण ज्याचे तिन्ही टप्पे प्रत्यक्ष उड्डाणासाठीच बांधले होते, असे हे एकच. मात्र ते एका रॉकेटचे टप्पे नव्हेत. पहिला टप्पा चौदाव्या रॉकेटचा आहे, दुसरा पंधराव्याचा आणि तिसरा तेराव्याचा. तेराव्याच्या खालच्या दोन टप्प्यांनी १९७३मध्ये स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा वर नेली आणि तिसरा टप्पा उरला. भांडारातल्या शिल्लक साहित्याचा ताळा जुळवताना आम्ही जसे निरनिराळ्या कामांवरचे उरलेले पाइप एका यादीत घालत असू, तसाच हा प्रकार आहे.

शिल्लक का राहिली, याचे उत्तर तारखांमध्ये आहे. नव्या सॅटर्न-५ची बांधणी थांबवण्याचा निर्णय ऑगस्ट १९६८मध्ये झाला, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या जवळपास वर्षभर आधी. १९६६च्या सुमारास अमेरिकी संघराज्याच्या एकूण खर्चात नासाचा वाटा ४ टक्क्यांहून अधिक होता, तो तोवर उतरणीला लागला होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. १९७०मध्ये आधी अपोलो-२० ही चंद्रमोहीम आणि मग आणखी दोन मोहिमा रद्द झाल्या. रॉकेट तयार, अंतराळवीर तयार, पण उड्डाणाचा खर्च नको, असा तो हिशेब होता. १९७७पासून हे यंत्र इथल्या दमट हवेत उघड्यावर पडून गंजत राहिले आणि त्यावर छत येऊन डागडुजी व्हायला २००० नंतरचे दशक उजाडावे लागले. अर्धवट सोडलेले काम पूर्ण केलेल्या कामापेक्षा महाग पडते, हे मी गोसीखुर्दच्या ३७२ कोटींचे १८ हजार कोटी होताना पाहिले आहे. पण तिथे निदान कालवा दाखवता येतो.

अपोलो काळातल्या नियंत्रण कक्षाची गोष्ट वेगळी. प्रेक्षकांनी ज्या खुर्च्यांवर बसायचे त्या त्या काळच्याच, हाताशी रक्षापात्र बसवलेल्या. काचेपलीकडे नियंत्रकांच्या टेबलांवर सिगारेटची पाकिटे, कॉफीचे कप, फायली आणि चकतीचे फोन असे मांडले आहेत, की माणसे नुकतीच जेवायला उठून गेली असावीत. पडदे उजळतात आणि अपोलो-११च्या उतरण्याचे क्षण आवाजासह पुन्हा घडतात. जुलै २०१९मध्ये खुल्या झालेल्या या नूतनीकरणाला सुमारे ५० लाख डॉलर लागले. त्यातले ३५ लाख शेजारच्या वेबस्टर या छोट्या शहराने दिले आणि बाकीची भर देणगीदारांनी घातली. ज्या खोलीतून चंद्रावर माणसे नेली, ती नीट करायला एका गावाच्या तिजोरीला आणि लोकवर्गणीला पुढे यावे लागले, हे ऐकून मला आमच्याकडचे गडकोट आठवले.

बाहेर स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा एक पहिला टप्पा ठेवला आहे. तोही आडवाच, पण उंच आधारांवर, त्यामुळे खालून चालत जाता येते. अंगभर काजळी आहे. सात वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, हे धुतलं का नाही?” प्रश्न मार्मिक होता. सॅटर्न लखलखीत आहे, कारण ते कधी उडालेच नाही. हे काळे आहे, कारण ते २०१७मध्ये जून आणि डिसेंबर असे दोनदा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला सामान पोचवायला निघाले आणि दोन्ही वेळा परत आले. मला विचाराल तर संपूर्ण केंद्रातले सर्वांत शिकवणारे प्रदर्शन हेच आहे.

याचे कारण पैसा मंजूर करण्याच्या पद्धतीत आहे. २०११मध्ये स्पेस शटल निवृत्त झाल्यावर नासा रशियाच्या सोयुझमधल्या जागा विकत घेत असे आणि २०२०पर्यंत एका जागेचा दर ९ कोटी डॉलरवर गेला. दरम्यान २०१४मध्ये नासाने अंतराळवीरांना स्थानकावर नेण्यासाठी दोन कंपन्यांना ठोक रकमेचे कंत्राट दिले : बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी. खर्च वाढला तर तो कंत्राटदाराच्या माथी. नासाच्याच महानिरीक्षकांनी २०१९मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातली जागा सुमारे साडेपाच कोटी डॉलरला पडेल असे मांडले होते. उलट, खर्च भागवून वर नफा देण्याच्या जुन्या पद्धतीने चाललेल्या, नव्या चंद्रमोहिमांसाठीच्या एसएलएस रॉकेट आणि ओरायन यानाचे एक उड्डाण ४१० कोटी डॉलरचे असल्याचे त्याच कार्यालयाने २०२२मध्ये सांगितले.

तरीही ठोक कंत्राटाने सगळे प्रश्न सुटतात असे समजू नये. बोइंगच्या स्टारलायनरने जून २०२४मध्ये आठवडाभरासाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना मार्च २०२५मध्ये दुसऱ्याच कंपनीच्या यानातून परतावे लागले. आणि जून २०२५मध्ये अमेरिकी अध्यक्षांशी समाजमाध्यमांवर वाद झाला, तेव्हा स्पेसएक्सच्या मालकाने ड्रॅगन सेवेतून काढण्याची घोषणा केली आणि काही तासांत मागे घेतली. एकाच पुरवठादारावर भिस्त ठेवली की कसे होते, हे भांडारपालाला सांगावे लागत नाही.

ट्रॅमचा दुसरा थांबा प्रशिक्षणाच्या इमारतीचा. उंचावरच्या काचेच्या सज्जातून खाली स्थानकाच्या भागांच्या खऱ्या आकाराच्या प्रतिकृती दिसतात. इथे मी सर्वाधिक वेळ विचारात पडलो, कारण कपातीची कात्री फिरली ती नेमकी याच मजल्यावरून. मे २०२५मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयाने मांडलेल्या प्रस्तावात नासाची तरतूद सुमारे २४८० कोटींवरून १८८० कोटी डॉलरवर आणायची होती. विज्ञानाला जवळपास निम्मी कात्री होती, स्थानकावरची माणसे आणि संशोधन कमी करायचे होते, चंद्राभोवतीचे गेटवे स्थानक रद्द करायचे होते आणि एसएलएस-ओरायन ‘आर्टेमिस’ या चंद्रमोहिमांपैकी तिसरीनंतर बंद करायचे होते. जुलैमध्ये झालेल्या कायद्याने मात्र पुढच्या दोन मोहिमांच्या एसएलएससाठी ४१० कोटी, गेटवेसाठी २६० कोटी आणि स्थानकासाठी १२५ कोटी डॉलर दिले. जानेवारी २०२६मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, वर्षाची तरतूदही २४४० कोटींच्या आसपास कायम ठेवली. मागणी एक, मंजुरी भलतीच, आणि मधल्या काळात सुमारे ४ हजार कर्मचारी स्वेच्छेने बाहेर पडण्याच्या योजनेत निघून गेले. रक्कम परत आली, माणसे परत आली नाहीत. माझ्या मते मानवी अंतराळ प्रवासाला धोका आहे तो तरतूद कमी असण्यापेक्षा ती दरवर्षी हेलकावे खात असल्याचा. दहा वर्षांचे काम दर मार्चअखेरीला नव्याने सिद्ध करावे लागले, तर कोणताही प्रकल्प सॅटर्नच्या शेजारी येऊन आडवा होईल.

आवाराच्या प्रवेशाशी बोइंग ७४७ विमान आणि त्याच्या पाठीवर शटल दिसते. विमान खरे आहे, शटल प्रतिकृती आहे. २०११मध्ये खरी शटल याने वाटली गेली तेव्हा ह्यूस्टनच्या वाट्याला एकही आले नाही, आणि ती बोच अजून ताजी आहे. त्याच जुलैच्या कायद्यात शटल इकडे आणून ठेवण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर आहेत. रोख आहे तो स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेच्या व्हर्जिनियातल्या डिस्कव्हरी या शटलवर, आणि स्मिथसोनियन म्हणते की ती आमची मालमत्ता आहे. संशोधन कमी करा म्हणणाऱ्या वर्षात जुने यान हलवायला तरतूद निघावी, याला आमच्या कार्यालयात लेखाशीर्ष चुकले असे म्हटले असते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. स्थानकावर गेलेल्या अॅक्सियम-४ या खासगी मोहिमेसाठी भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचे प्रशिक्षण जॉन्सन केंद्रातही झाले. त्या मोहिमेवर भारताने सुमारे ५५० कोटी रुपये खर्च केले, आणि गगनयानाची मान्यता २०२४मध्ये सुधारून २०,१९३ कोटींवर गेली. ही सुप्रमा पाहून मात्र माझ्या कपाळाला आठी पडली नाही, कारण काम वाढवून, भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग त्यात घालून ती घेतली आहे. गगनयानाच्या रॉकेटमधली विकास इंजिने विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात, हे जावयांना ठाऊक नव्हते. ते सांगताना मी थोडा ताठ उभा राहिलो असेन.

पाचपैकी साडेचार तारे. पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, टोपी आणि पाणी बरोबर असावे, गुडघे दुखत असतील तर नियंत्रण कक्षाच्या जिन्यांची चौकशी आधीच करावी. ट्रॅम सॅटर्नपाशी शेवटी थांबते. तिथे उतरून हवे तितके थांबता येते आणि मागून येणारी ट्रॅम पकडता येते. आम्ही दोन सोडल्या. तिसऱ्या वेळी नात म्हणाली, तिसऱ्या टप्प्याशी एकदा पुन्हा जाऊन येऊ, म्हणून तीही सोडली.